टायरवर बसून

इंग्लंडात उन्हाळ्यापुरती एक उघडी गाडी घ्यावी, हे माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, दोरीवरचे कपडे काढताना. साडेआठ वाजले होते आणि अंगणात अजून ऊन होतं. मागच्या गल्लीतून एक ठेंगणी, टप खाली केलेली गाडी गेली. चालवणाऱ्या बाईंचं डोकं कुंपणावरून जेमतेम दिसलं. आवाज मात्र बराच वेळ रेंगाळला. हल्लीच्या गाड्यांचा नसतो तसा, चारही सिलिंडर वेगवेगळे मोजता यावेत असा.

'उन्हाळा' हा शब्द मी वाईहून इकडे आणला. वाईचा उन्हाळा म्हणजे दुपारी खिडक्या लावून घ्यायच्या, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारायचं, आणि ऊन उतरलं की मगच कृष्णेच्या घाटावर जायचं. ऊन ही टाळायची गोष्ट, आणि मन मोकळं होतं ते पावसाळ्यात. इंग्लंडातल्या या लेमिंग्टन गावात येऊन मला सव्वीस वर्षं झाली, पण इथलं उलटं गणित अंगात मुरायला त्यातली निम्मी गेली. इथे ऊन पडलं की माणसं हातातलं काम टाकून बाहेर येतात. जूनच्या मध्याला सूर्य साडेनऊला मावळतो आणि त्यानंतरही बराच वेळ आभाळात उजेड असतो. पाऊस नाही, वारा नाही, अंगावर स्वेटर नाही, अशा संध्याकाळी वर्षाला किती मिळतात हे मी दोन वर्षं कॅलेंडरवर खुणा करून पाहिलं. चाळीसच्या वर कधीच गेल्या नाहीत. तेवढ्या तरी काचेआड घालवायच्या नाहीत, असं ठरवलं.

मग रात्रीची जेवणं झाली की जाहिराती वाचायला लागले. या गाड्यांचा मोठा गोतावळा आहे. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनची एमजी बी १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त निघाली, त्यामुळे तिचे सुटे भाग आजही सहज मिळतात. तिच्याहून लहान एमजी मिजेट आणि ऑस्टिन-हीली स्प्राइट. १९५८ च्या पहिल्या स्प्राइटचे दोन गोल दिवे बॉनेटवर असे बसवलेले होते की तिला सगळे 'फ्रॉगआय' म्हणूनच ओळखतात. आणि कॉव्हेन्ट्रीची ट्रायम्फ स्पिटफायर. यातली कुठलीच श्रीमंतांसाठी केलेली नव्हती. साध्या घरगुती गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग घ्यायचं आणि त्यावर दोघांपुरतं हलकं अंग चढवायचं, ही त्यांची रीत. युद्धानंतर ब्रिटनला डॉलर हवे होते आणि अमेरिकेतल्या तरुणांना स्वस्त, चपळ गाड्या. ढीगभर गाड्या बोटीने तिकडे गेल्या.

पहिली पाहिली ती एक लालभडक मिजेट, एका विक्रेत्याच्या शोरूममध्ये. रंग आरशासारखा. पण माझ्या खिशात लोहचुंबक होतं. जुनी गाडी बघायला जाताना माझे आजोबा, तात्या, रुमालात चुंबक गुंडाळून न्यायचे, ते पाहिलेलं होतं. दाराखालच्या पत्र्यावर ते धरलं. दोन इंच धरलं, पुढचं एक फूट धरेना. रंगाखाली सगळी पुट्टी. मिजेटला वेगळी चासी नसते. दाराखालची ती पत्र्याची पेटी हीच तिची हाडं, आणि ती कुजून गेलेली. विक्रेता म्हणाला, वयाच्या मानाने उत्तम आहे. ज्या पत्र्याच्या भरवशावर माणूस दुसऱ्याचं लेकरू शेजारी बसवून निघतो, तो पुट्टीने भरून विकायचा, याला मी लबाडी म्हणते. मला त्या दिवशी फार राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

दुसरी गाडी कॉव्हेन्ट्रीच्या पश्चिमेला, एका बैठ्या घराच्या मागच्या गॅरेजात. मालक चौऱ्याऐंशी वर्षांचे. जन्मभर टूलमेकर म्हणून काम केलेलं, त्यामुळे बोलताना हाताची दोन बोटं सारखी काहीतरी मापत असल्यासारखी हलायची. १९७३ ची स्पिटफायर, मार्क फोर, गडद निळी. एकतीस वर्षं त्यांच्याकडे होती. विकायचं कारण गुडघे. ही गाडी इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे जवळपास जमिनीवर बसायचं, आणि उठायचं तर त्याहून कठीण. त्यांनी मला सांगितलेलं पहिलं वाक्य होतं, "सकाळपासून चालू केलेली नाही, इंजिनाला हात लावून बघा." गरम इंजिन पटकन चालू होतं, खरी तब्येत कळते ती गार इंजिनाची. गिऱ्हाइकाला ती बघता यावी म्हणून ते थांबले होते. गाडी घेण्याचा माझा निम्मा निर्णय तिथेच झाला.

मग त्यांनी दोन्ही बाजूंचे खटके सोडवले आणि बॉनेट उचललं. या गाडीचं बॉनेट म्हणजे नुसतं झाकण नव्हे. दिवे, दोन्ही मडगार्ड, सगळं नाकच्या नाक पुढे कलंडतं आणि इंजिन तिन्ही बाजूंनी उघडं पडतं. पुढची चाकं, स्टिअरिंगचे दांडे, सगळं. मी एक शब्द बोलले नाही. मला आमचं वाईचं मागचं अंगण दिसत होतं.

तात्यांकडे स्टँडर्ड हेराल्ड होती, राखाडी. त्यांचा दवाखाना होता आणि आजूबाजूच्या गावांना व्हिजिटला जायला ही गाडी. रविवारी सकाळी ते तिचं नाक असंच पुढे कलंडवायचे, चाक बाहेरच्या बाजूला वळवायचे आणि पुढच्या टायरवर पाट मांडल्यासारखे बसून काम करायचे. मी शेजारी पान्यांची पेटी घेऊन. "सात-सोळा दे." "अर्धा दे." मापं इंचाची, आणि पॉइंटचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या खटक्याचा, गॅप थाऊमध्ये, इंचाच्या हजाराव्या भागात. पंधरा थाऊ. फिलर गेजची ती पातळ पट्टी गॅपमधून जाताना किंचित अडली पाहिजे, सैल जाता कामा नये आणि अडकताही कामा नये, हे त्यांनी माझं बोट धरून शिकवलं. आठ वर्षांच्या मुलीला एक इंचाचे हजार भाग बोटाला कळू शकतात यावर त्यांचा विश्वास होता, आणि ते कळतात.

ओळख पटली यात माझा भावनेचा भाग होताच, पण ती खरीही होती. या दोन गाड्या सख्ख्या बहिणी आहेत. हेराल्डही मुळात ट्रायम्फचीच, १९५९ ची, स्पिटफायर १९६२ ची. दोघींची आखणी तुरिनच्या जोव्हानी मिकेलोत्तीची, आणि स्पिटफायरच्या खाली आहे ती हेराल्डचीच चासी, आखूड करून घेतलेली. हेराल्डचं अंग वेगवेगळ्या तुकड्यांत करून बोल्टांनी जोडलेलं होतं, त्यामुळे अवाढव्य प्रेस नसलेल्या कारखान्यातही ती जुळवता यायची. ती मद्रासला तयार होऊ शकली त्यामागे हे एक मोठं कारण. पुढे मद्रासवाल्यांनी तिला चार दारं दिली, तशी हेराल्ड इंग्लंडात कधीच निघाली नाही. स्पिटफायर मात्र थोडक्यात बचावली. तिचा पहिला नमुना पैशांअभावी कारखान्याच्या कोपऱ्यात कापडाखाली पडून होता. १९६१ मध्ये लेलँडने कंपनी घेतली (आपल्या एसटीच्या बसवर जिचं नाव वाचत आपण वाढलो तीच लेलँड) आणि पाहणी करायला आलेल्या माणसांनी ते कापड उचललं.

ट्रायम्फ या नावाचीही एक गोष्ट आहे आणि ती मला सांगायचीच आहे. कंपनी काढणारा सिगफ्रीड बेटमन न्यूरेंबर्गहून इंग्लंडात आलेला जर्मन ज्यू तरुण. आधी सायकली विकायचा. युरोपातल्या बऱ्याच भाषांमध्ये कळेल असा शब्द हवा म्हणून त्याने 'ट्रायम्फ' निवडला. १९१३ मध्ये कॉव्हेन्ट्रीने त्याला महापौर केलं, आणि पुढच्याच वर्षी युद्ध सुरू झाल्यावर त्याचा जन्म कुठला हे लोकांना आठवलं. परक्या गावात जन्म घालवलेल्या माणसाला ही गोष्ट नुसती माहिती म्हणून वाचता येत नाही.

असो. गॅरेजात परत येते.

मालकांनी मला टायरवर बसवलं. पुढून पुलीकडे बघत राहा म्हणाले, आणि स्वतः दारातून वाकून आपल्या काठीने क्लच दाबला. या इंजिनात क्रँकशाफ्टला, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याला, पुढेमागे सरकू न देणाऱ्या दोन अर्धचंद्राकार वॉशर असतात. त्या झिजल्या की क्लच दाबताना पुली पुढे सरकलेली दिसते, आणि मग इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नाही. पुली हलली नाही. दारांच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या होत्या, म्हणजे मधे अंग खचलेलं नव्हतं. मागची चाकं कशी बसलीत तेही पाहिलं. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये जोरात वळताना मागचं चाक आत मुडपायचं आणि गाडी एकदम घसरायची. १९७० पासून मागच्या आडव्या पाट्यांची बसणी बदलली आणि तो दोष बराच कमी झाला. म्हणून मला सत्तरच्या पुढचीच हवी होती.

शेवटी त्यांनी पुढच्या चाकामागचा एक सांधा दाखवला. ट्रनियन. पितळेसारख्या धातूचा तुकडा, त्यात पोलादी दांडा आट्यांनी फिरतो, आणि चाक वळतं ते त्यावर. "इथे तेल घालायचं, नव्वद नंबरचं. ग्रीस नाही." ग्रीस आट्यांत नीट पोचत नाही, पाणी शिरतं, आतून गंज चढतो आणि एक दिवस दांडा तुटून चाक कोसळतं. हे त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना माझ्याकडे न बघता गाडीकडे बघून सांगितलं.

साडेसहा हजार पौंड म्हणाले. मी घासाघीस केली नाही. जाताना त्यांनी एक जाडजूड फाइल दिली, एकतीस वर्षांची प्रत्येक पावती लावलेली. डिकीत स्टेपनी आहे ना, असं मी विचारलं तर त्यांना शब्द कळेना. हा शब्द वेल्समधल्या लानेल्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. जादा चाकाचा धंदा तिथे सुरू झाला. इंग्लंड तो केव्हाच विसरलं. वाईच्या गॅरेजात मात्र अजून रोज वापरतात.

कागदपत्रांचं फार काही नाही. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स भरावा लागत नाही, अर्ज तेवढा करावा लागतो. २०१८ पासून दरवर्षीच्या एमओटी तपासणीतूनही तिची सुटका आहे. ही दुसरी सवलत मला पटत नाही. ज्या गाडीला सगळ्यात जास्त बघायला हवं तिला कोणी बघायचंच नाही, हे चूक आहे. मी दर एप्रिलला आपणहून तपासणी करून घेते. पेट्रोल महागातलं, इथॅनॉल कमी असलेलं घालते, कारण २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथॅनॉल असतं आणि जुने रबरी पाइप त्याने खराब होतात.

घरी आणल्यावर आईला व्हिडिओ कॉल लावला. "अगं, आपल्या हेराल्डसारखी कुठंय ही? तिला छत होतं." मी बॉनेट कलंडवलं आणि फोन आत धरला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामंजी इथं बसायचे." पुढच्या महिन्यात भावाने तात्यांची पान्यांची पेटी पाठवली. कुरिअरचा खर्च पान्यांच्या किमतीच्या कितीतरी पट आला असेल. सात-सोळाचा पाना पहिल्याच नटाला चपखल बसला.

आता चालवण्याविषयी. वजन आठशे किलोंच्या आत, लांबी पावणेचार मीटर, रुंदी दीड. दोन कार्बोरेटर, तेराशेच्या जरा आतलं इंजिन. आकड्यांत काहीच नाही, आजची कुठलीही छोटी गाडी हिला सहज मागे टाकेल. पण तुम्ही रस्त्यापासून वीतभर उंचीवर बसलेले असता. हात दाराबाहेर सोडला की बोटं डांबराच्या अगदी जवळ येतात. ताशी साठ किलोमीटरला पापण्यांना वारा लागतो. आणि ही गाडी वळते कशी! हेराल्डकडून आलेला गुण, लंडनच्या टॅक्सीसारखी जागच्या जागी फिरते. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये गिअरच्या दांड्याच्या गोळ्यावरचा छोटा खटका सरकवला की ओव्हरड्राइव्ह लागतो, इंजिनाचा आवाज एकदम उतरतो, धावून आलेल्या माणसाने ओट्यावर बसून श्वास सोडावा तसा.

माझा रस्ता ठरलेला आहे. फॉस वे. रोमनांनी एक्सेटरपासून लिंकनपर्यंत आखलेला, वॉरिकशायरमध्ये मैलोनमैल सरळ. मे महिन्यात दोन्ही बाजूंना मोहरीसारखी पिवळी शेतं आणि कुंपणांवर पांढरा फुलोरा. बंद गाडीतून हा रस्ता मी शेकडो वेळा गेले होते आणि त्याला वास आहे हे मला माहीत नव्हतं. उतारावरच्या ओढ्याजवळ हवा गार होते, ते गालांना कळतं. शेत कापलेलं असलं तर दिसायच्या आधी कळतं. एका ठिकाणी रोज संध्याकाळी कोणीतरी कांदा परततं, घर झाडांआड आहे, मी कधी पाहिलेलं नाही.

पसरणी घाटात तात्यांची हेराल्ड तापायची. दुसऱ्या गिअरमध्ये चढताना ते बोलणं बंद करायचे आणि मान किंचित तिरकी करायचे. मला वाटायचं मान अवघडली असेल. ते इंजिन ऐकायचे. ठरावीक वळणावर थांबायचे, बॉनेट उचलायचे, आणि खाली धोमचं पाणी बघत आम्ही दोघं गप्प उभे राहायचो. आता माझी मान तशीच होते. शेजारी बसलेल्या नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात विचारलं, मान दुखतेय का.

पहिल्या जुलैत गाडी बंद पडली. चेस्टरटनच्या पवनचक्कीजवळ, संध्याकाळी आठला. सहा दगडी कमानींवर उभी असलेली ही चक्की १६३२-३३ मधली, माळावर एकटीच. इंजिन काही न सांगता थांबलं, कोणीतरी दिवा मालवावा तसं. एकदम थांबलं म्हणजे ठिणगी गेली, हळूहळू गुदमरत थांबलं तर पेट्रोल. हे मला कोणी वेगळं शिकवलेलं नव्हतं, पण माहीत होतं. टायरवर बसले. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, पॉइंट बघितले, ठीक होते. मग रोटर, ठिणगी एकेका सिलिंडरकडे वळवणारा फिरता तुकडा. नुकताच बदललेला, नव्या बनावटीचा, आणि त्याच्या प्लास्टिकला केसाएवढी चीर. वीज भलतीकडे पळत होती. फाइलच्या मागच्या कप्प्यात मालकांनी एक लिफाफा ठेवला होता, त्यात जुना रोटर, वर पेन्सिलीने लिहिलेलं: 'चांगला आहे, टाकू नका.' बसवला. चोक ओढला. चालू झाली. मी लगेच निघाले नाही. चक्कीच्या कमानींतून पलीकडचं पिवळं आभाळ दिसत होतं आणि मला घाई नव्हती.

तो रोटर परत द्यायचं निमित्त करून ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे गेले. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, ट्रनियनपाशी वाकून बोट लावलं, बोट वर धरून पाहिलं. तेलकट होतं. काही बोलले नाहीत. मी म्हटलं, बसता का? उतरवून घ्यायची जबाबदारी माझी. एकतीस वर्षांत ते डावीकडच्या सीटवर कधीच बसले नव्हते. बसायला पाच मिनिटं लागली.

"कॅनलीला घ्या," म्हणाले. ट्रायम्फचा कारखाना तिथे होता. १९८० च्या ऑगस्टमध्ये शेवटची स्पिटफायर तिथून बाहेर पडली, पिवळी. आता तिथे ऑफिसं आणि गोदामं आहेत, आणि मधल्या एका रस्त्याचं नाव हेराल्ड अव्हेन्यू. त्या पाटीखालून हळूच गेलो. फाटक कुठे होतं, शिफ्ट सुटली की सायकलींचा लोंढा कुठून यायचा, ते काठीने दाखवत होते. मग बोलता बोलता गप्प झाले आणि त्यांनी मान तिरकी केली.

"ऐकलंत? टॅपेट सैल झालाय. एकच. तिसरा असावा."

मला ऐकू आलं नव्हतं. मान वळवून पुन्हा ऐकलं. होता, बारीकसा, शिवणयंत्रासारखा टकटक.

"गार इंजिनावर लावायचा. दहा थाऊ. गाडी आज इथेच ठेवा, तुम्ही बसने जा. सकाळी या."

गाडी एका रात्रीसाठी तिच्या जुन्या गॅरेजात राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला तात्यांची पेटी पिशवीत घालून मी बसमधून उतरले. गॅरेजचं दार उघडं होतं, बॉनेट कलंडवलेलं, आणि ते टायरवर बसलेले. माझ्या पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मागे न बघता हात पुढे केला. मी पाना दिला.